वजन बघून

माझे वडील आयुष्यात एकदाही रानात गेले नाहीत.
फोर्टात, वाच्छाशेठच्या बंदुकीच्या दुकानात
काउंटरच्या आतल्या बाजूला उभे राहिले एकोणचाळीस वर्षं.
हाताला तेलाचा वास, तो रविवारीही जायचा नाही.

गिऱ्हाईक यायचं, भिंतीवरच्या रायफलीकडे बोट करायचं.
वडील चष्म्यावरून बघत विचारायचे,
'जनावर कोणतं?'
कापडवाला विचारतो ना,
मुलगा केवढा आहे, तसं.

त्यांचं रान भायखळ्याला होतं, तिकिटाचं.
माझगावहून चालत आम्ही राणीबागेत जायचो
आणि लोक वाघाकडे पळत असताना
हे हरणांच्या जाळीशी उभे.
तळहात आडवा धरायचे, खांद्याच्या उंचीवर,
एक डोळा बारीक करून.

'हे भेकर. तुझ्याएवढंच भरेल.
बावीसची हॉर्नेट पुरे. मोठी गोळी घातलीस
तर उरतं काय? नुसती शिंगं आणि पश्चात्ताप.'
मी जाळीपासून थोडी मागे सरकले.
'चितळ माझ्याहून जरा जड. त्याला तीनशे पंधरा,
मऊ नाकाची गोळी, पुढच्या पायाच्या मागे चार बोटं.
आणि ते सांबर बघ,
वाच्छाशेठ अधिक त्यांची तिजोरी!
तिथे थ्री सेव्हन्टी फाइव्ह. पण एकदाच.
दुसरी लागली तर पहिली चुकली म्हणायची.'
सांबर माझ्या हातातले शेंगदाणे
ओल्या ओठांनी, एकेक करून उचलत होतं.

धुळ्याचे एक वकील होते, मोकाशी नावाचे.
सांबराला जाताना हट्टानं हलकी रायफल नेली,
खांद्याला धक्का बसतो म्हणून.
महिन्यानं येऊन हसत सांगत होते,
पोटात लागली, तीन दिवस रक्तामागे फिरलो,
शेवटी सापडलंच नाही हो.
त्या दिवसापासून मोकाशींसाठी
दुकानात काडतुसं नव्हती.
खण भरलेला. वडील त्यांच्या तोंडावर सांगायचे,
'माल आलेला नाही.'
वाच्छाशेठना कळलं होतं. ते बोलले नाहीत.

बहात्तरात कायदा आला. शिकार बंद.
मला वाटलं वडील खचतील.
ते म्हणाले, 'बरं झालं. चुकीचं माप नेणारेच फार होते.'
मग एअरगनचे छर्रे, लायसन्सचं नूतनीकरण,
निवडणुका आल्या की चौकीत जमा करायच्या बंदुकांच्या पावत्या.
कपाटावरच्या सांबराच्या मुंडक्याला कसर लागली,
एक काचेचा डोळा निघून आला,
तो वडिलांनी पाकिटात घालून नाव लिहून ठेवला.
उजवा.

परवा जे.जे.त
सिस्टरनं विचारलं, आजोबांचं वजन?
एक्केचाळीस, मी म्हटलं.
तिनं हातावरच पेननं हिशोब केला,
इतके मिलिग्रॅम, दर किलोला इतके.
वडील डोळे मिटूनच म्हणाले,
'बरोबर. आधी वजन.'
सिस्टरला वाटलं, भ्रमात आहेत.

शीर सापडेना. दोनदा टोचून झालं.
मोठी नर्स आली, मनगट उलटसुलट करून बघितलं,
म्हणाली, वीस नंबर नको गं,
फार बारीक शीर आहे. बावीस दे.

वडिलांनी डोळे उघडले.
'बावीस,' म्हणाले,
दर्जेदार दुकानात आल्यासारखे.
मग माझ्याकडे बघून, अगदी हळू,
'भेकराला पुरे.'

आणि हात पुढे केला.
तळहात आडवा,
जाळीशी उभे असताना धरायचे
तसाच, पण त्याखाली
आता कुणाचाच खांदा नव्हता.